आपली बाग आणि शेजाऱ्याची बाग



व्याख्यानमालेची मंडळी निमंत्रण घेऊन आमच्या कचेरीत आली, तेव्हा मला वाटले की कंत्राटी कामगारांच्या वेतनावर बोलावयाचे असेल. 'घरची बाग' हा विषय ऐकून मी बुचकळ्यात पडलो. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. वनस्पतिशास्त्राशी शाळेत माझी गाठ पडली नाही. पुढे जे काही कळले ते युनियनच्या कपाटातील पुस्तकांतून, आणि पुस्तकांनी फसविल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या परसातून. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका हौशी माणसाचे अनुभव म्हणून ऐकून घ्यावे. सभागृहात जाणकार मंडळी असतील, त्यांनी माझ्या चुका शेवटी सांगाव्यात. सभेत ऐकून घेण्याची मला सवय आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिकडे वसंतात संध्याकाळी वारा सुटतो आणि व्याख्यानाला जावेसे वाटते. आपल्याकडे पळस फुलला, मोहाच्या फुलांचा वास आला की वसंत आला म्हणावयाचे, आणि आठ-पंधरा दिवसांत तो गेला असेही म्हणावयाचे. व्याख्यानांच्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो आणि मे महिन्यात तो ४७ अंशांवर गेला तरी आपल्याला नवल वाटत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बागेचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते. इथले पंचांग वेगळे आहे. माझ्या हाती आलेल्या एकाही पुस्तकात ते मला सापडले नाही. ते मला दुसऱ्यांच्या बागा पाहत हिंडूनच शिकावे लागले. म्हणून घरच्या बागेइतकेच मी आज दुसऱ्याच्या बागेविषयी बोलणार आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मला दोन खोल्यांचे घर मिळाले. मागे दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढे परस होते. महिना एप्रिलचा, आणि हौस फार. पुस्तकात 'उन्हाळी भाजीपाला' असे एक प्रकरण होते. त्याच्या आधारे टोमॅटोची रोपे, काकडी, गुलाबाची चार कलमे आणि एक चिकू असा सरंजाम मी एका रविवारी मांडला. सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत होतो, दुपारीही एकदा डोकावत होतो. टोमॅटोला फुले आली, पण ती रोज गळू लागली. मी पाणी वाढविले, खत घातले. फुले गळतच राहिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिकूसकट सर्व आटोपले. भिंतीपलीकडच्या काकू हे महिनाभर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता लावून काय करता? आता खड्डे करून ठेवा, तापू द्या. मिरग येऊ द्या." मी विचारले, "काकू, मग महिनाभर बोलल्या का नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पुस्तक घेऊन बसले होते. म्हटलं, शिकलेला माणूस आहे."

काकूंचे म्हणणे बरोबर का होते, हे मला नंतर वाचून समजले. पानाच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडे असतात. त्यांना रंध्रे म्हणतात. झाड त्यांतून पाण्याची वाफ बाहेर सोडते आणि आपण घामाने गार होतो तसे गार होते. त्याच तोंडांवाटे ते अन्न तयार करण्यासाठी हवाही आत घेते. ऊन आणि कोरडा वारा इतका वाढला की मुळांचा पुरवठा अपुरा पडतो, तेव्हा झाड ही तोंडे मिटून घेते. पाणी वाचते, पण गारवा बंद होतो आणि अन्न तयार होण्याचे कामही थांबते. झाडाने पुकारलेला तो संपच म्हणा. त्या वेळी खत घालणे म्हणजे संपावर गेलेल्या खात्यात जादा माल पाठविणे होय. टोमॅटोची गोष्ट आणखी नाजूक. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या फार वर गेले आणि रात्रीही उतरले नाही, की त्याचे परागकण निकामी होतात. फूल येते, फळ धरत नाही. तेव्हा आपल्याकडे टोमॅटोचे फळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत धरले गेले पाहिजे. एप्रिलमधले फूल शोभेचे समजावे.

मग उन्हाळ्यात करावयाचे काय? जे आहे ते जगवावयाचे. आळ्यात पालापाचोळा किंवा गवत चार बोटे जाड पसरावे, म्हणजे ओल टिकते. पाणी पहाटे किंवा दिवे लागल्यावर द्यावे. मोठ्या झाडाशेजारी तळाला बारीक भोक पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि भोकात सुती वात घालावी. मडके दोन दिवस पुरते आणि पाणी थेट मुळांशी जाते. एक सूचना कूलरच्या पाण्याविषयी. आपल्याकडे कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालण्याची चाल आहे. कूलरमध्ये पाणी उडून जाते, पण त्यातला क्षार मागेच राहतो आणि टाकीत साठत जातो. तेच पाणी रोज त्याच कुंडीत पडले की पानांच्या कडा करपतात, आणि आपण उन्हाला दोष देतो. हे पाणी घालावयाचे तर आलटून पालटून निरनिराळ्या झाडांना घालावे, कुंडीला तर घालूच नये. बाकी नवतपा एका झाडाला मानवतो, तो म्हणजे मोगरा. माघात छाटून ठेवलेला मोगरा उन्हाच्या तापाने अधिकच फुलतो. रात्रपाळीहून पहाटे घरी येणाऱ्या माणसाला दारातल्या मोगऱ्याचा वास काय वाटतो, हे दिवसपाळीवाल्यांना सांगून कळणार नाही.

मृगाचा पाऊस पडला की तापलेले खड्डे शेणखताने भरावयाचे. उन्हाने किडीची अंडी आणि बुरशी पुष्कळ मेलेली असते. दोडके, कारले, दुधी, कोहळे, वाल यांचे बी या दिवसांत टोचावे. परंतु आषाढ-श्रावणात आपल्या काळ्या कन्हार जमिनीची दुसरी तऱ्हा सुरू होते. उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच आता पाणी धरून बसते. मुळांनाही हवा लागते; पाण्यात बुडालेली मुळे गुदमरतात. झाड मलूल दिसते, आपण त्याला तहान लागली समजून आणखी पाणी घालतो आणि ते मरते. वाफे वीतभर उंच करून बाजूने चर काढणे हाच यावर उपाय आहे.

हा उपाय मी पाहिला तो गडचिरोलीकडे. १९८२ साली जिल्हा वेगळा झाला, पण आमच्या कामाचा प्रदेश एकच राहिला. तेंदूपाने आणि बांबू तोडणाऱ्या मजुरांच्या बैठकींसाठी मी त्या बाजूच्या गावांतून पुष्कळ हिंडलो. तिकडे घरामागच्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. बाग हा शब्द तिला कोणी लावीत नाही आणि ती पाहण्यास तिकीट नाही. बांबूच्या कामट्यांचे दाट कुंपण असते. रानडुकरांपासून बचाव हा त्याचा पहिला उद्देश. पण त्याच कुंपणावर वाल आणि दोडके चढविलेले असतात, म्हणजे मांडवाचा खर्च वाचला. मक्याच्या ओळीत चवळी असते, ती मक्याच्याच आधाराने वर जाते. चवळीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात. तेव्हा चवळी मक्याच्या आधाराचे भाडे भरते असे म्हणावयास हरकत नाही. न्हाणीचे पाणी एका चरातून धोप्याच्या पानांकडे आणि केळीकडे जाते. कोहळ्याचा वेल कौलांवर. एवढ्याशा जागेत एकही वस्तू एकाच कामासाठी ठेवलेली नसते. मी बैठकीच्या आधी तासभर लवकर जाऊ लागलो, ते या वाड्या पाहण्यासाठी. घरच्या बाईला विचारले की ती प्रथम लाजते, मग सांगू लागते, आणि मग बैठकीला उशीर होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती आंब्याची आहे. एका कंपनीच्या वसाहतीत आमचे एक जुने सभासद राहत होते. आपल्याकडच्या कोळसा खाणी १९७३ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेव्हापासून वसाहतींतून राहणारी दुसरी-तिसरी पिढी आता निवृत्त होत आहे. कामगार तीस वर्षे क्वार्टरमध्ये राहतो, झाडे लावतो, आणि निवृत्त झाला की किल्ली परत करतो. या गृहस्थांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी लावलेला आंबा आता घराहून उंच झाला होता. फळ मध्यम, साल पातळ, रेषा नाही. निवृत्तीला दोन महिने असताना ते कचेरीत आले. ग्रॅच्युइटीची, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे झाली होती. जाता जाता त्यांनी विचारले, "झाडाचं काही होते का?" मी नियमांची सर्व पुस्तके चाळली. घराच्या खिडकीची काच फुटली तर किती कापावे, हे त्यात होते. झाडाविषयी एवढेच कळले की ते कंपनीचे.

ते दिवस जूनअखेरचे होते, ही नशिबाची गोष्ट. आंब्याची कोय लावली तर झाड उगवते, पण फळ आईसारखेच येईल याची खात्री नसते; त्यासाठी कलमच करावे लागते. कोय कलम हा प्रकार सोपा आहे. खाल्लेल्या आंब्याच्या ताज्या कोया लगेच मातीत पुरावयाच्या. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो. हव्या त्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार महिन्यांची काडी निवडून तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापावयाची, म्हणजे तिच्यातला डोळा फुगतो. मग कोंबाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर घ्यावयाची, काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवावयाचे आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावयाचे. जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत हा सांधा चांगला जुळतो. आम्ही त्या वसाहतीत आणि आजूबाजूच्या वस्तीत निरोप दिला की रविवारी अमक्याच्या परसात यावे, आंबा पाहावयाचा आहे. तीसएक माणसे आली. पुष्कळांनी ते परस प्रथमच पाहिले. दहा वर्षे शेजारी राहणारेही त्यात होते. बावीस कलमे बांधली, चौदा जगली. गृहस्थांनी ऑगस्टअखेर किल्ली दिली. पुढच्या वर्षी तिथे मोटारगाडीसाठी छप्पर झाले आणि झाड गेले. चौदांपैकी एक कलम माझ्या परसात आहे. त्याला चौथ्या वर्षी फळ आले. साल पातळ आहे आणि रेषा नाही.

तेव्हापासून आमच्या वस्तीत पाच-सात घरे रविवारी आपले फाटक उघडे ठेवू लागली. आम्हाला वाटले की ही आमचीच कल्पना. पुढे वाचनात आले की इंग्लंडात १९२७ साली लोकांनी असेच केले होते. तिथे गावोगाव घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका असत. त्यांच्या संस्थेला पैसा हवा होता. तेव्हा ६०९ खाजगी बागांच्या मालकांनी एक शिलिंग घेऊन आपली बाग लोकांना पाहू दिली आणि पहिल्याच वर्षी ८ हजारांहून अधिक पौंड जमले. ती चाल अद्याप चालू आहे. मोठमोठ्या वाड्यांबरोबर लहान घरांच्या मागच्या बागाही त्यात असतात. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाची बाग डॉ. राजेंद्रप्रसादांच्या काळात सर्वांना खुली झाली. तिचे नाव २०२३ पासून अमृत उद्यान आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. ही सर्व ठिकाणे पाहावीत, परंतु तिथले ट्यूलिप आणि बटमोगरे पाहून घरी येऊन हळहळू नये. जवळचेच पाहावे. आपला खरा वसंत मार्गशीर्ष-पौषात असतो. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत मेथी, पालक, सांबार, वाल, शेवंती, गुलाब, सर्व काही होते. त्या दिवसांत रामाळा तलावाकाठची बाग, आझाद बगीचा, बल्लारपूरच्या वाटेवरचे विसापूरचे वनस्पती उद्यान, मूल रस्त्यावरचे चिचपल्लीचे बांबू केंद्र यांपैकी एकेक ठिकाण एका रविवारी पाहावे. सवड असेल त्यांनी आलापल्लीला जावे. तिथला जुन्या सागांचा रानटुकडा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून ओळखला जातो आणि २०१४ साली तो जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे कोणी माळी नाही आणि पाणीही कोणी घालीत नाही. पडलेली पाने कोणी झाडीत नाही म्हणून जमीन कशी भुसभुशीत राहते, ते पायांनी पाहून यावे. सार्वजनिक बागेत गेलात तर माळ्याशी बोला. त्याला त्या जागेचे ऊन, वारा आणि पाणी ठाऊक असते. तो बहुधा कंत्राटी असतो, त्याचे वेतन वेळेवर होते का हेही विचारायला हरकत नाही. (अध्यक्ष महाराज, मूळ विषयावर येतो.)

हिवाळ्यातच आपल्या शहराचा एक दोष पानांवर दिसतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, त्यात चंद्रपूर होते. कोळशाची धूळ पानावर बसली की ऊन कमी पोचते आणि रंध्रेही झाकली जातात. म्हणून आठवड्यातून एकदा झारीने पाने धुवावीत, आणि खाण्याची पालेभाजी दोन पाण्यांनी. चुलीची लाकडी राख वाफ्यात थोडी घातली तर चालते. बॉयलरची राखड मात्र फुकट मिळते म्हणून भाजीच्या वाफ्यात लोटू नये; तिच्यात जड धातूंचे अंश असतात.

उघड्या फाटकाची एक गोष्ट वरोऱ्याची. बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन वसविले ते दगडधोंडे आणि झुडपे असलेल्या माळावर. कुष्ठरोग्यांनी स्वतःच्या हातांनी विहिरी खणल्या आणि भाजीपाला पिकविला. पण त्यांनी पिकविलेली भाजी विकत घेण्यास गावकरी धजत नव्हते. भाजीत काही खोट नव्हती. पिकविणाऱ्या हातांचे भय होते. पन्नासच्या दशकात परदेशातील काही स्वयंसेवक तिथे राहून काम करू लागले, त्या लोकांबरोबर जेवू लागले. ते पाहिल्यावर हळूहळू गावाची भीती गेली. १९६४ साली त्याच आवारात महाविद्यालय निघाले आणि गावची मुले तिथे शिकावयास जाऊ लागली. माझ्या मनात येते, फाटक पहिल्या दिवसापासून उघडेच होते.

बागेला दोन गोष्टी लागतात, जागा आणि वेळ. वेळेची कथा थोडक्यात सांगतो. जोतिराव फुल्यांच्या घराण्याचे आडनाव मूळचे गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. त्याच जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि बरीच वर्षे झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळविली. तारीख पाहा, मृगाच्या सुरुवातीची आहे. तो योगायोग असेल, पण मी दर वर्षी त्या रविवारी बी टोचतो.

जागेचे तसे नाही. आज कंत्राटी कामगार भाड्याच्या एका खोलीत राहतो, बारा तास काम करतो, आणि वर्षा-दीड वर्षाने खोली बदलतो. त्याला परसबागेचे व्याख्यान देण्यास मला संकोच वाटतो. परंतु तोही झाड लावल्याशिवाय राहत नाही, हे मी पाहिले आहे. जिन्यावर, सज्जावर, पाण्याच्या टाकीशेजारी तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे ठेवलेले असतात. तळाला भोके पाडून त्यांत मिरची, पुदिना, अंबाडी लावलेली असते. खोली सुटली की डबा उचलून बरोबर नेता येतो, म्हणून तो मातीपेक्षा डब्याला अधिक जपतो. पत्रा तापतो, तेव्हा डब्याभोवती ओले पोते गुंडाळावे आणि डबा विटेवर ठेवावा. आमच्या रविवारच्या फेरीत अशा दोन खोल्या आहेत. घरमालकाची परवानगी काढण्यास आमच्या युनियनला जेवढे बोलावे लागले, तेवढे काही कारखान्यांत बोनससाठीही बोलावे लागले नव्हते.

सध्या पाहण्यासारखे फार नाही. मोगरा आहे, मडकी आहेत, तापत पडलेले खड्डे आहेत, आणि आंब्यावर यंदा चाळीसएक कैऱ्या आहेत. येत्या रविवारी सकाळी साडेसहा ते आठ माझे फाटक उघडे राहील. आठनंतर ऊन लागते. येताना झाकणाचा रिकामा डबा आणला तर अंबाडीचे आणि वालाचे बी देता येईल. ते कोरड्या राखेत मिसळून मृगापर्यंत सावलीत ठेवावे. काकूंचे घर लागूनच आहे. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, खुर्चीवर बसूनच दाखवितात. त्यांना थोडे मोठ्याने विचारावे लागेल.